विसावी वही आहे

फुलसिंग आडे यांच्या स्मरणार्थ आमच्या उमरखेडातील एका वाचनालयाने काढलेली स्मरणिका मी तीनदा वाचली. पहिल्या वाचनात दुःख झाले, दुसऱ्यात राग आला आणि तिसऱ्या वेळी मी पेन्सिल घेतली. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाच्या हाती पेन्सिल आली की समोरच्या मजकुराचे काय होते, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

स्मरणिका म्हणते की ‘नभलदेणी’ ही आडे यांची आकाशगंगेतील साम्राज्यावरची महाकथा अपूर्ण राहिली. ती असेही म्हणते की त्या कथेतील सम्राट त्यांनी आपल्या एका वरिष्ठावर बेतला होता. शिवाय, म्हाताऱ्या आईला भेटता यावे म्हणून त्यांनी एकदा यवतमाळ गाडी थांबवून धरली, असाही एक हृद्य प्रसंग तीत आहे. हा प्रसंग लिहिणाऱ्या वाहकाला मी क्षमा करतो, कारण त्याचा हेतू चांगला होता. कथा अपूर्ण आहे असे सांगून तिला स्वतःच्या हाताने शेवट जोडणारे संपादक मात्र निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना क्षमा नाही.

आडे उमरखेडच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. वाहकाने कागद घेऊन त्यांच्या खिडकीशी यायचे, त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ लिहायची, सही करायची आणि त्यानंतरच चाक हलायचे. मग ध्वनिक्षेपकावर घोषणा. त्यांचा आवाज कधी चढत नसे, उतरतही नसे. नांदेड गाडी फलाटावर लागल्याचे ज्या सुरात सांगत, त्याच सुरात पुढे त्यांनी मला एका ग्रहाचा अंत वाचून दाखवला, आणि मी नकळत शेजारची पिशवी उचलली.

‘उशीर’ हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. प्रवासी विचारत, “आडेसाहेब, पुसद गाडी लेट हाय काय?”

“गाडी अजून आली नाही.”

“म्हंजे लेटच ना?”

“आली म्हंजे सांगतो.”

खिशाला दोन पेने असत. निळे नोकरीचे, काळे साम्राज्याचे. निळ्याने त्यांनी साम्राज्याची एकही ओळ लिहिली नाही आणि काळ्याने एकाही गाडीची वेळ लिहिली नाही. लेखन पहाटे घरी होई. ड्यूटीवर बसून ते ग्रहताऱ्यांत हरवून जात, असे स्मरणिकेतील एका कवितेत आहे. कवितेला मी उत्तर देत नाही.

माझ्याकडे ते प्रथम आले तेव्हा हातात कापडदुकानाची पिशवी होती आणि पिशवीत तीन वह्या.

“गुरुजी, शुद्धलेखन तेवढं पाहून द्या.”

“विषय काय?”

“साम्राज्य.”

“कोणते?”

“साऱ्या आकाशगंगेचं.”

“तीन वह्यांत आटोपले?”

“नाही जी. अजून राज्य सुरूच व्हायचं हाय. आता कुठं तांडा निघाला.”

जाताना त्यांनी एक अट घातली. “काना-मात्रा तुमच्या. साम्राज्याले हात लावू नका.” मी ती मान्य केली आणि पहिल्याच वहीत मोडली. त्यांच्या आकाशगंगेत मोठे ग्रह होते आणि त्या ग्रहांचे फाटे होते. ‘रोहिणी फाटा’, ‘कृष्णग्रह फाटा’. मी समासात लिहिले, ‘अंतराळात फाटा संभवत नाही.’ त्यांनी वही परत आणली, माझ्या शेऱ्यावर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाले, “गुरुजी, ग्रह मेन रोडच्या आत असला तर फाटा राहीनच. नाही तर आतल्या लोकायनं उतरावं कुठं?” मी शेरा खोडला. माझ्या हयातीत मी खोडलेले स्वतःचे शेरे फार थोडे आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक ‘नभलदेणी’च्या समासात सापडतील.

नाव कसे पडले ते सांगतो, कारण स्मरणिकेत त्याचीही चुकीची व्युत्पत्ती आहे. आडे बंजारा समाजाचे. त्यांचा तांडा, म्हणजे वस्ती, महागाव सोडून आर्णीच्या रस्त्याने निघाले की एका फाट्यावरून आत आहे. पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर नेत. त्या वाहतुकीला लदेणी म्हणतात. आता तांड्यात कापूस आहे, तूर आहे, बैल मोजके आणि मोटारसायकली पुष्कळ. आडे यांनी ती लदेणी उचलून आकाशात नेली. सात यानांचा एक तांडा मीठ घेऊन ग्रहाग्रहांवर जातो. ग्रह एकमेकांशी लढत असतात, परंतु मीठ दोघांनाही लागते, म्हणून दोन्हीकडचे पहारेकरी तांड्याला वाट देतात. परिणामी साऱ्या वाटा एकट्या तांड्याला ठाऊक होतात. चौथ्या वहीत एक ग्रह तांड्याला फसवतो. तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, चिडत नाही, शस्त्र उचलत नाही. पुढच्या खेपेला तिकडे जात नाही, इतकेच. तो ग्रह अकरा दिवसांत शरण येतो. ‘त्या दिवशी तांड्याला समजले की आपण राज्य आहोत,’ हे त्या वहीचे शेवटचे वाक्य. त्यात मी एक अनुस्वार दिला आहे. बाकी सर्व त्यांचे.

पुढे प्रत्येक ग्रहावर सही-घर उभे राहते. सहीवाचून यान उडत नाही. बाराव्या वहीपर्यंत आकाशगंगेत वऱ्हाड निघायचे असो की प्रेत न्यायचे असो, आधी सही. हे साम्राज्य कोणाला छळत नाही. ते फक्त कधी निघायचे हे ठरवते.

वाचनालयात त्यांनी एकदा काही पाने वाचली. श्रोत्यांत एक तरुण अभियंता होता. त्याने हात वर केला. “काका, एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायले हजारो वर्षं लागतात. प्रकाशापेक्षा जास्त वेगानं काहीच जात नाही. तुमची यानं दुपारपर्यंत कशी पोहोचतात?”

आडे यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाबू, गाडी किती जोरात पळते थे ड्रायव्हरचं काम हाय. मी कंट्रोलर. किती वाजता सुटली थे सांगू शकतो.”

सभा हसली. ते हसले नाहीत. विनोद केला नव्हताच. स्मरणिकेत हे वाक्य ‘आडे यांची मिश्किली’ या मथळ्याखाली छापले आहे. माझ्या मते त्या वाक्यात साम्राज्याची संपूर्ण उपपत्ती आहे.

आता गाडी थांबवून धरण्याविषयी. तालुक्यातील एका पुढाऱ्याचा माणूस धावत खिडकीशी आला, तेव्हा मी बाकावर बसलो होतो.

“आडेसाहेब, दोन मिंट यवतमाळ गाडी थांबवा. भाऊ येऊन राह्यले.”

“कुठवर आले?”

“घरून निघाले बस.”

“मंग भाऊले सांगा, याच्या मागं आर्णीची हाय. आरामात जेवून या.”

“तुमाले समजून नाही राह्यलं, भाऊ येऊन राह्यले.”

“मले समजलं. गाडीले कसं समजावू?”

त्यांनी सही केली आणि गाडी गेली. भाऊ आले, आर्णीच्या गाडीत बसले आणि फलाटावरून आडे यांना नमस्कार करून गेले. पुढारी मोठा होता, माणूस वाईट नव्हता. जो मनुष्य त्यांच्यासाठी दोन मिनिटे थांबला नाही, तो आईसाठी थांबला असेल असे वाटणाऱ्यांना आडेही कळले नाहीत आणि त्यांची आईही. उशिरा आलेल्या मुलाला त्या माउलीने दारातच विचारले असते, “कोणाची गाडी अडवून आलास?”

सम्राटाबद्दल थोडक्यात सांगतो. मी त्यांना सरळच विचारले होते की हा तुमच्या कोणा साहेबावरून घेतला काय. ते म्हणाले, “नाही जी. सम्राट चांगला माणूस हाय. सकाळी उठते, सह्या करते. सही कायले पायजे, हे त्याले कोणी विचारलंच नाही, तं तो तरी काय करन?” आणि पुढे म्हणाले, “तसा पाह्यला तं मीच हाव.” हे वाक्य संपादकांना मी दोनदा कळवले होते. जागेअभावी वगळले, असे उत्तर आले. त्याच अंकात त्यांचे स्वतःचे छायाचित्र अर्धे पान आहे.

मुख्य मुद्दा शेवटाचा. आडे ही कथा वाचकांसाठी लिहीत नव्हते. छापण्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. ते ती आईसाठी लिहीत होते. तिला ते याडी म्हणत. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. याडी नव्वदीच्या पुढची, दृष्टी गेलेली. साप्ताहिक सुटीला आडे तांड्यावर जात, लिहिलेले मराठी समोर धरून तिला गोरबोलीत सांगत. जाताना उमरखेडातून खड्याचे मीठ नेत, कारण त्यांच्या घराची एक रीत होती. गोष्ट सुरू होण्याआधी ऐकणाऱ्याच्या तळहातावर मिठाचा खडा ठेवायचा आणि त्या दिवसाची गोष्ट थांबेपर्यंत मूठ उघडायची नाही. रीतीचा दुसरा भाग अधिक कडक होता. आरंभलेली गोष्ट पुरी केल्याशिवाय मुक्काम उठवायचा नाही, कारण पुढल्या मुक्कामाला कोण असेल आणि कोण नसेल, हे कोणी सांगावे.

या दुसऱ्या भागाने आडे यांना घेरले होते. याडी थकत चालली होती, आणि साम्राज्य काही केल्या पडत नव्हते.

तेराव्या वहीपासून एकोणिसाव्यापर्यंत त्यांनी अकरा बंडे लिहिली. अकराही फसली. मी त्यांना शस्त्रे सुचवली, फितुरी सुचवली, एकदा तर धूमकेतू सुचवला. त्यांनी सगळे करून पाहिले. “गुरुजी, बंडखोर तयार हायेत. हत्यारं हायेत. पण यान सुटन कसं? सही कोण देईन?” नवव्या बंडात बंडखोरांनी सही-घर जिंकले. मला वाटले, सुटलो. पुढच्या पानावर तेच लोक आत खुर्च्यांवर बसून सह्या करू लागले. साम्राज्य इतके नेटके बांधले होते की बांधणाऱ्यालाही त्यातून बाहेर पडायला दार सापडेना. निवृत्तीचा दिवस येऊन गेला, सत्कार झाला, शाल मिळाली; शेवट मिळाला नाही. ते माझ्या ओसरीवर बसून म्हणाले, “याडीचं काही खरं नाही आता. मले तिच्या आधी राज्य पाडायचं हाय.” कोणी शेतातल्या कामाविषयी बोलावे तसे बोलले.

अकराव्या बंडाच्या वाचनाला ते मला तांड्यावर घेऊन गेले. दुपारची वेळ. याडी बाजेवर बसली होती, मनगटापासून वर जुन्या पांढऱ्या बांगड्या. तिने आधी माझी मूठ चाचपली, खडा आहे याची खात्री केली आणि मगच मुलाला खूण केली. आडे यांनी आपल्या फलाटाच्या सुरात बंड सांगितले. मला गोरबोली येत नाही. पण वही मी तपासली होती, त्यामुळे कोठे कोण मेले ते समजत होते. माझ्या मुठीत घाम आला आणि खडा विरघळू लागला.

संपल्यावर याडीने तोच प्रश्न विचारला, जो तिने आधीच्या दहाही बंडांनंतर विचारला होता.

“लूण कुण लाय?”

मीठ कोण आणील. आडे यांनी वही मिटली. राज्य पाडण्याला याडीची हरकत नव्हती. दूरच्या फाट्यावरच्या लोकांचे मीठ त्या धामधुमीत अडणार नाही ना, एवढीच तिची विचारणा होती, आणि तिचे उत्तर अकरा बंडांत एकाही वीराकडे नव्हते. संपादकांनी जोडलेल्या शेवटात एक तेजस्वी तरुण सम्राटाचा शिरच्छेद करतो. त्यात मिठाचा उल्लेखही नाही.

मग याडी माझ्याकडे वळली, आणि माझ्यासाठी वऱ्हाडीत बोलली. “मास्तर, तुमी शिकेल मानसं. ह्याच्या गोष्टीत सारेच कोणाले ना कोणाले इचारतात. निघू काय, उठू काय. आमच्या लदेणीत कोण इचारे? माहा आजा सांगे. पुढचा बैल उठे. त्याच्या गळ्यातली घाट वाजे. मंग सारे बैल उठत, मंग मानसं उठत. नायक त झोपेलच राहे.”

“आणि नायक उठल्यावर?” मी विचारले.

“तो बी बैलाच्या मागं चाले. कुठं जाईन?”

 परतताना फाट्यावर गाडीची वाट पाहत आम्ही बराच वेळ उभे होतो. मी त्यांना ओळखत होतो त्या सर्व वर्षांत प्रथमच त्यांनी घड्याळ पाहिले नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते विसावी वही घेऊन आले. होय, विसावी. संपादकांनी तिला ‘दंतकथा’ म्हटले आहे. ती निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी वही आहे आणि मी ती हातात धरली आहे. मी चष्मा लावून पेन्सिल घेतली आणि पहिले पान उघडले. लिपी देवनागरी होती, अक्षर त्यांचे होते, भाषा गोरबोली.

“हे मी कसे तपासू?”

“हे तपासू नका, गुरुजी. ह्यात चूक असली तं याडी सांगन.”

मी वही परत दिली. एकोणीस वह्यांचा काना-मात्रा ज्याने सांभाळला, त्याला विसावीत प्रवेश नव्हता. मला राग आला होता आणि तो पंधरवडाभर टिकला, हे मी नमूद करतो. इतरांच्या खोटेपणावर लिहिताना स्वतःचे खरे वगळता येत नाही. तो राग उतरण्याआधीच ते गेले. वही तांड्यावर वाचून आले, त्याला दोन आठवडेही झाले नसतील. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते. चहा थंड झाला तेव्हा घरच्यांना कळले. छापील श्रद्धांजलीत ‘मातृवियोगाने खचलेले आडे’ असे म्हटले आहे. याडी आजही हयात आहे. तिच्या आधी राज्य पाडायचे म्हणून धडपडणारा माणूसच पुढल्या मुक्कामाला नव्हता. रीत घालून देणाऱ्यांनी ‘कोण नसेल’ एवढेच म्हटले होते, नाव सांगितले नव्हते.

महिन्याने मी तांड्यावर गेलो. जाताना उमरखेडातून खड्याचे मीठ घेतले होते. याडीच्या उशाशी निळी वही होती. मी समाचाराचे चार शब्द बोललो. तिने ते ऐकून घेतले, मग माझी मूठ मागितली, तीत खडा ठेवला, वही मांडीवर उघडली आणि न दिसणाऱ्या पानावर तळहात ठेवून मला वऱ्हाडीत शेवट सांगितला. पाने मात्र ती योग्य ठिकाणी उलटत होती. कशी, ते मी विचारले नाही.

शेवट असा. एका दूरच्या फाट्यावर सहीवाला कारकून जागेवर नसतो. मिठाची याने भरून उभी असतात. दिवस वर येतो. सर्वांत पुढचे, सर्वांत जुने यान उठते. त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याच्यामागे दुसरे उठते, मग तिसरे. मीठ वेळेवर पोहोचते. ही बातमीसुद्धा होत नाही. दुसऱ्या फाट्यावरचे लोक नुसते पाहतात आणि त्यांचीही याने उठतात. लढाई होत नाही. राजवाड्यात सम्राट सकाळी उठून सह्या करीत राहतो, कागद निघत राहतात, आणि ते वाचायला कोणी थांबत नाही.

“सम्राटाला कळते काय?” मी विचारले.

“म्या बी इचारलं,” याडी म्हणाली. “तं हासला. म्हणे, याडी, त्याले मी सांगतो.”

तिने वही मिटली आणि मला मूठ उघडायची परवानगी दिली. मी पेन्सिल नेली होती. ती खिशातून काढली नाही. एकोणीस वह्या माझ्या कपाटात आहेत, विसावी तांड्यावर आहे. ज्याला कथा अपूर्ण म्हणायची असेल त्याने फाट्यावर उतरावे, मीठ स्वतःचे न्यावे.

आता त्यांचे शेवटचे दर्शन, कारण त्याचीही एक चुकीची हकीकत फिरते आहे. विसावी वही घेऊन ते तांड्याला निघाले ती सकाळ. मी रागात होतो, त्यामुळे त्यांना निरोप द्यायला गेलो नव्हतो. वर्तमानपत्र घ्यायला स्थानकावर गेलो होतो. यवतमाळ गाडी फलाटाला लागलेली. आडे पुढच्या आसनावर, खिडकीशी, मांडीवर निळी वही आणि तिच्यावर मिठाची पुडी. गाडीची वेळ झाली. नियंत्रकाच्या खिडकीत नवा माणूस नव्हता. चहाला गेला असावा. चालक इंजिन सुरू करून रिकाम्या खिडकीकडे पाहत होता. वाहक दारात कागद धरून उभा होता. प्रवासी वाट पाहत होते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला.

आडे यांनी घड्याळाकडे पाहिले. मग त्या खिडकीकडे, जिच्यामागे त्यांनी आपली सारी नोकरी काढली. मग त्यांनी उजवा हात उचलला, खांद्याच्या वर नाही, आणि बोटे पुढे हलवली. एवढेच. गाडी हलली.

वाहक आता सांगतो की आडेसाहेबांनी जाता जाता गुरुजींना हात केला. चांगला मुलगा आहे, मला बरे वाटावे म्हणून सांगतो. त्यांनी मला पाहिलेही नव्हते. मी वर्तमानपत्राच्या दुकानाआड होतो. हात चालकाला होता.